जुना पस्तीस एचपी, नवा पंचावन्न एचपी आणि १० पीपीएमचं डिझेल: निफाडच्या द्राक्षबागेतून

ट्रॅक्टरवर लिहिणारे खूप आहेत. हायड्रोलिक किती उचलतं, रोटाव्हेटर किती फुटी चालतो, सीट कशी आहे, सगळं वाचायला मिळतं. पण ट्रॅक्टरच्या आयुष्यात ट्रॅक्टरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे ज्यावर जातात त्या डिझेलबद्दल कोणी लिहीत नाही. आमच्या घरात डिझेलची वही माझ्याकडे असते. तारीख, लिटर, मीटरचे तास, काम कोणतं, एवढं लिहायचं. बीएस-६ (धुराच्या सरकारी नियमांचा, म्हणजे भारत स्टेजचा, सहावा टप्पा) डिझेल आल्यापासून त्या वहीत आणि मिस्त्रींच्या बाकड्यावर जे दिसलं ते इथे मांडते.

आधी मत सांगते, कारण बरेच जण तेवढंच विचारतात. डिझेल उत्तम आहे. जुन्या ट्रॅक्टरलाही चालतं, नुसतं चालतं नाही तर मानवतं. त्यात घालायला म्हणून गावोगाव विकल्या जाणाऱ्या औषधाच्या बाटल्यांची गरज नाही. पंपावरून ते जेवढं स्वच्छ येतं तेवढं आपल्या शेडमधल्या बॅरलमध्ये राहत नाही, आणि त्याचा खरा फायदा घेणारं इंजिन आपल्यापैकी थोड्यांकडेच आहे.

आमची जमीन निफाड तालुक्यात. द्राक्षं मुख्य, जोडीला कांदा. जुना ट्रॅक्टर पस्तीस एचपीचा, तीन सिलिंडर, इंजिनात डिझेल दाबून सोडणारा साधा लाइन पंप. हा ट्रॅक्टर फवारणीच्या ब्लोअरला जोडलेला असतो. नवा पंचावन्न एचपीचा, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारा), ट्रेम-४ चा, म्हणजे ट्रॅक्टरच्या धुराच्या नव्या नियमांचा. तो रोटाव्हेटर, पलटी नांगर आणि कांद्याच्या ट्रॉलीला. डिझेल दोघांना एकाच बॅरलमधून. तुलनेला याहून बरी सोय काय हवी?

गंधक किती होतं आणि किती उरलं

१० पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग. हे वाचून काही कळत नाही, म्हणून मी आपल्या मापात हिशेब केला. २०० लिटरच्या बॅरलमधलं डिझेल साधारण १६६ किलो भरतं. नव्वदीच्या मध्यापर्यंत आपल्याकडे डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत होतं, म्हणजे बॅरलमागे दीड किलोच्या वर. २००० साली ते ०.२५ टक्क्यावर आलं, म्हणजे ४१५ ग्रॅम. बागायतदारांनी हा आकडा जरा थांबून वाचावा. भुरी रोगासाठी आपण २०० लिटर पाण्याला गंधकाचा ४०० ग्रॅमचा डोस घेतो. जवळपास तेवढं गंधक डिझेलच्या प्रत्येक बॅरलमधून इंजिनात जळत होतं आणि धुरातून त्याच बागेत सुटत होतं, तेही आपण न मागता.

पुढे बीएस-२ ला ५०० पीपीएम म्हणजे ८३ ग्रॅम, बीएस-३ ला ३५० म्हणजे ५८ ग्रॅम. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ ला लागू झालं तेव्हा ५० पीपीएम, म्हणजे आठ ग्रॅमच्या आसपास. मधला बीएस-५ चा टप्पा सरकारने गाळायचं ठरवलं आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर थेट बीएस-६. आता बॅरलभर डिझेलमध्ये दोन ग्रॅमसुद्धा गंधक नाही.

तारीख पाहिलीत? दिल्लीला हे डिझेल दोन वर्षं आधी, एप्रिल २०१८ ला मिळालं होतं. आपल्याकडे आलं ते लॉकडाऊनच्या सुरुवातीलाच. द्राक्ष वेलीवर, गाड्या बंद, मजूर नाहीत, माल बेदाण्याला घालावा की तसाच सोडावा या विवंचनेत सगळे. टाकीत काय बदललं ते बघायला कोणाला सवड होती? एवढा मोठा बदल झाला आणि शेतकऱ्याला त्याची कुणकूणही लागली नाही. पंपावर कोणी सांगितलं नाही, ट्रॅक्टरच्या सर्व्हिसिंगला कोणी सांगितलं नाही. म्हणूनच पुढे अफवांना रान मोकळं मिळालं.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अमेरिकेत शेतीचं डिझेल वेगळं असतं, लाल रंग घातलेलं, रस्त्याच्या करातून सूट असलेलं. तिथे रस्त्यावरच्या गाड्यांना १५ पीपीएमचं डिझेल २००६ पासून मिळू लागलं, पण शेतीच्या डिझेलला आधी २००७ साली ५०० पीपीएमचा मधला टप्पा दिला आणि १५ पीपीएम २०१० मध्ये आलं. आपल्याकडे करातली तशी सूट नाही, सगळ्यांना एकच नोझल. त्यामुळे मुंबईतल्या नव्या मोटारीत जे डिझेल गेलं तेच त्याच दिवशी आमच्या पस्तीस एचपीत गेलं. भावाबाबत आपल्यावर अन्याय होतो असं मी आजही म्हणते. पण दर्जाबाबत शेतकऱ्याला मागे ठेवलं नाही, हेही तितकंच खरं.

“पंप जातो” ही भीती

सगळ्यात जास्त चर्चा याचीच. कांद्याच्या लिलावाला ट्रॉल्यांची रांग लागली की कोणीतरी सांगणारच: गंधक म्हणजे डिझेलचं वंगण, ते काढलं की इंजिनाचा डिझेल पंप कोरडा चालतो, त्यातला डिझेल दाबणारा दांडा म्हणजे प्लंजर घासतो, जुना ट्रॅक्टर दोन वर्षांत बसतो.

ही भीती हवेतून आलेली नाही. स्वीडनमध्ये नव्वदीच्या सुरुवातीला अगदी कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा खरोखरच पंप खराब झाले होते. पण दोष गंधक गेल्याचा नव्हता. रिफायनरीत गंधक काढायला डिझेल प्रचंड दाबाखाली, तापवून, हायड्रोजनबरोबर उत्प्रेरकावरून नेतात. त्यात गंधकाबरोबर डिझेलमधले दुसरे काही घटकही जातात, नायट्रोजन आणि ऑक्सिजन असलेले, धातूला चिकटून राहणारे. पंपाला घसरण देणारे ते. हे कळल्यावर जगभर रिफायनऱ्यांनी वंगणाचा घटक बाहेरून घालायला सुरुवात केली आणि त्याची परीक्षाही ठरली. पोलादाची छोटी गोळी ६० अंशांच्या डिझेलात बुडवून पोलादी चकतीवर ७५ मिनिटं घासतात, मग गोळीवरचा झिजेचा डाग सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. आपल्या आयएस १४६० या मानकात तो डाग ४६० मायक्रॉनच्या आत असावा लागतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून कमी. पंपावर येणारं बीएस-६ डिझेल ही परीक्षा पास होऊनच येतं.

आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या लाइन पंपाला आणखी एक संरक्षण आहे. त्याचा कॅम इंजिन ऑइलमध्ये फिरतो, फक्त प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ती नळी डिझेलवर चालतात. रोटरी पंप असेल तर मात्र आतलं सगळंच डिझेलवर घसरतं, त्यामुळे अशा ट्रॅक्टरवाल्यांनी डिझेल कुठून घेतो याकडे जास्त लक्ष द्यावं.

पिंपळगावला आमचे पंप-नोझलचे मिस्त्री आहेत. त्यांच्या टेस्ट बेंचवर पंप चढवला की ते कमी बोलतात, पण बोलतात ते नेमकं. भाऊजींनी त्यांना विचारलं, “डिझेलात टू-टी ऑइल, ते टू-स्ट्रोक गाड्यांचं, टाकत जाऊ का? सगळे टाकतात.” मिस्त्रींनी बाकड्यावरचा एक प्लंजर माझ्या हातात दिला. त्यावर बोटाला लागेल अशी खरवड होती, आणि तांबूस डाग.

“वहिनी, हे काय आहे सांगा.”

“गंज?”

“पाणी. माझ्याकडे येणारे बहुतेक पंप पाण्याने आणि मातीने जातात. डिझेलात तेल घालून गंज थांबत नाही. तुमच्या भाऊजींना सांगा, टू-टीचे पैसे फिल्टरला घाला.”

आम्ही टू-टी घातलं नाही, कुठली बाटलीही घातली नाही. जुना पंप त्यानंतर कॅलिब्रेशनला नेला तेव्हा मिस्त्रींनी प्लंजर बदलायची गरज नाही असं सांगून परत दिला. नव्या ट्रॅक्टरवाल्यांनी तर टू-टीचा विचारही मनात आणू नये. तेल जळून राख उरते आणि ती राख सायलेन्सरमधल्या काजळी धरणाऱ्या जाळीत अडकून बसते. काजळी जाळता येते, राख जळत नाही.

पाझर

एक त्रास मात्र झाला, आणि तो जुन्या ट्रॅक्टरवाल्यांनी धरून चालावा. बदलानंतरच्या हंगामात जुन्याच्या फीड पंपाजवळ आणि रिटर्न पाइपच्या जोडाला ओल दिसू लागली. आधी वाटलं बोल्ट सैल असेल. आवळला, तरी सकाळी खाली पुठ्ठ्यावर डाग. मग एक दिवस ट्रॅक्टर डिझेलच्या पाइपात हवा धरू लागला. फवारणी अर्ध्यावर, डाऊनी रोगाचं वातावरण, आणि भाऊजी बागेत बसून एअर काढतायत.

मिस्त्रींचं म्हणणं असं की जुन्या काळ्या रबराच्या ओ-रिंगा वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेल्या असतात. नव्या डिझेलमध्ये त्यांना फुगवणारे सुगंधी हायड्रोकार्बन कमी असतात. रबर आक्रसतं, आणि म्हातारं कडक रबर असेल तर जोड सुटतो. अमेरिकेतही डिझेल बदललं तेव्हा जुन्या इंजिनांना हाच पाझर सुटल्याच्या तक्रारी आल्या होत्या. इलाज सोपा आणि स्वस्त. डिझेलच्या वाटेवरच्या सगळ्या ओ-रिंगा, वॉशर आणि रबरी पाइप एकदाच बदलून टाकले, डिझेल सोसणाऱ्या व्हिटॉन रबराचे मिळाले तिथे व्हिटॉनचे. तेव्हापासून पुठ्ठा कोरडा आहे. तुमचा ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षांचा असेल आणि अजून हे केलं नसेल तर छाटणीच्या आधी करून घ्या, भर फवारणीत वेळ आणू नका.

जुन्या ट्रॅक्टरला काय मिळालं

गंधक जळलं की त्याचा वायू होतो, आणि इंजिन थंड असताना लायनरवर जमणाऱ्या पाण्याशी मिळून त्याचं गंधकाम्ल होतं. हे आम्ल लायनर आणि रिंगा खातं. इंजिन ऑइलमध्ये त्याला मारायला अल्कली घातलेली असते, पण ती मारता मारता संपते, म्हणून ऑइल लवकर बदलावं लागतं.

आता द्राक्षाचं काम कसं असतं बघा. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी पहाटे. निफाडची थंडी महाराष्ट्राला माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा हिवाळ्यात बातमीत असतो, बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा वेळी गार इंजिन सुरू करायचं, एक टाकी मारायची, बंद करायचं, औषध कालवायचं, पुन्हा सुरू करायचं. इंजिन पूर्ण तापतच नाही. आम्लाला याहून सोयीची स्थिती नसते. म्हणून मी म्हणते की कमी गंधकाच्या डिझेलचा फायदा दिवसभर नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरपेक्षा ब्लोअरच्या ट्रॅक्टरला जास्त आहे.

दिसतं काय? ऑइल काळं होतं, ते होणारच, पण बदलताना पूर्वीसारखं चिकट, आंबूस वासाचं निघत नाही. म्हणून आम्ही तास वाढवले का? नाही. पुस्तकात लिहिलंय त्या तासालाच बदलतो. धूळ आणि पाणी गंधकावर अवलंबून नसतात, आणि ऑइल वाचवून इंजिन गमावणं परवडत नाही.

वास. पूर्वी ट्रॅक्टर चालू केला की नाकात झोंबणारा जो वास यायचा तो खरंच कमी झालाय. बागेच्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर वेलीला लागू नये म्हणून खाली, आडवा असतो. त्याचा धूर ओळीत मणी विरळणी करणाऱ्या, घड बुडवणाऱ्या बायांच्या तोंडावर येतो. मी स्वतः त्या ओळीत उभी राहिलेली आहे. मांडवाखाली धूर वर जात नाही, तिथेच फिरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक म्हणून जाहीर केला आहे, आणि शेतातल्या कामाच्या ठिकाणच्या हवेबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. नव्या डिझेलने जुन्या इंजिनाची काळी काजळी गेली असं मी म्हणणार नाही, ती नोझल आणि एअर फिल्टरवर अवलंबून आहे. पण डोळ्यांची आग कमी झाली हे ओळीतल्या बाया मला न विचारता सांगतात, आणि या मालाला मी चांगलं म्हणते त्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

जे मिळालं नाही तेही सांगते. काही जण म्हणतात बीएस-६ मुळे थंडीत ट्रॅक्टर लवकर सुरू होतो. थंडीत पेट घेण्याचा गुण सीटेन आकड्यावर असतो. तो बीएस-२ ला ४८ होता, बीएस-३ पासून किमान ५१ झाला आणि आजही ५१ च आहे. त्यामुळे ते श्रेय बीएस-६ ला देता येणार नाही. आमचा जुना थंडीत सुरू होतो तो चांगल्या बॅटरीमुळे.

आणि ॲव्हरेज? गंधक काढताना डिझेलची ताकद किंचित, टक्काभर कमी होते असं तंत्रज्ञ सांगतात. माझ्या वहीत हा टक्का सापडत नाही. नव्याला रोटाव्हेटरवर तासाला साधारण सात-साडेसात लिटर लागतं, पण जमीन ओली असेल, पाती झिजली असतील, ड्रायव्हरने गिअर चुकीचा धरला असेल, तर लिटरभर इकडेतिकडे सहज होतं. डिझेल बदलल्याने ॲव्हरेज पडलं असं छातीठोक सांगणाऱ्याने आधी पाती बघावी.

नव्या ट्रॅक्टरला हे डिझेल नसतं तर

ट्रेम-४ ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून लागू झालं, तेही अनेकदा तारीख पुढे ढकलून. त्यात काजळीची मर्यादा किलोवॅट-तासाला ०.४ ग्रॅमवरून थेट ०.०२५ ग्रॅमवर आणली, म्हणजे सोळापट खाली. एवढी काजळी साध्या पंपाने कमी होत नाही. त्यासाठी कॉमन रेल, हजार बारच्या वरचा दाब, आणि आमच्या मॉडेलला सायलेन्सरमध्ये उत्प्रेरक आणि काजळी धरणारी जाळी आहे. गंधक हे त्या उत्प्रेरकाचं विष. जुनं ५०० पीपीएमचं डिझेल यात घातलं असतं तर उत्प्रेरक निकामी आणि जाळी चोंदलेली. म्हणजे आधी डिझेल स्वच्छ व्हावं लागलं, तेव्हा हे इंजिन शक्य झालं.

चालवताना फरक लगेच कळतो. सायलेन्सरच्या तोंडाला पांढरा कपडा धरून बघा, जुन्याचा काळा होतो, नव्याचा तसाच राहतो. अधूनमधून काजळी जाळायचा दिवा लागतो. तेव्हा ट्रॅक्टर बंद न करता पुस्तकात सांगितल्याप्रमाणे चालू ठेवायचा. आमच्या ड्रायव्हरला हे पटवायला वेळ लागला. त्याचं म्हणणं, “ताई, उभ्या गाडीत डिझेल कशाला जाळायचं?” पण तो दिवा लागल्यावर दर वेळी चावी फिरवून बंद केलं तर जाळी भरत जाते आणि ताकद पडते. धूर स्वच्छ करायला काही इंजिनांना लागते ती युरियाची टाकी या ट्रॅक्टरला नाही, ते विचारणारे बरेच असतात म्हणून सांगितलं. इंजिन ऑइल मात्र कमी राखेचंच घ्यायचं, डब्यावर सीके-४ किंवा सीजे-४ बघून. जुन्यासाठी आणलेला डबा नव्यात ओतू नये.

इथे मला सरकारला एक विचारायचं आहे. ५० एचपीच्या खालचे ट्रॅक्टर, म्हणजे आपल्या गावातले बहुतेक, नवे घेतले तरी ट्रेम-४ च्या आधीच्या, जुन्या ३-अ नियमांवर बनत आले. पुढच्या ट्रेम-५ साठी एप्रिल २०२४ ही तारीख ठरली होती, ती पुढे ढकलली. किंमत वाढेल ही शेतकऱ्याची भीती खरी आहे, मलाही आहे. पण डिझेल २०२० पासून तयार असताना बागेतला लहान ट्रॅक्टर, जो माणसांच्या सगळ्यात जवळ चालतो, तोच धुराच्या बाबतीत सगळ्यात मागे राहिला. अनुदान द्यायचंच तर इथे द्यावं.

बॅरल, कॅन आणि आपण

आमच्याकडचं डिझेल बहुतांशी मुंबईच्या माहुलहून पाइपलाइनने मनमाडजवळ पानेवाडीला येतं आणि तिथून टँकरने पंपावर. पंपावर घनता विचारा, ती दाखवणं त्यांचं काम आहे. पाच लिटरचं मापही मागा. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त चालत नाही. मी दोन्ही मागते आणि आमच्या पंपावर आता मला बघितलं की मुलगा न सांगता माप आणतो.

रस्त्याकडेला टँकरमधून स्वस्तात मिळणारं “बायोडिझेल” किंवा “इंडस्ट्रियल” म्हणून विकलं जाणारं तेल घेऊ नका. आमच्या ओळखीत एकाने कॉमन रेलच्या ट्रॅक्टरला ते घातलं आणि इंजेक्टर काढायची पाळी आली. त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. रॉकेल मिसळणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं की रॉकेलमध्ये गंधक या डिझेलच्या कितीतरी पट असतं, आणि वंगण कमी. १० पीपीएमच्या डिझेलला थोडंसं रॉकेल बाटवायला पुरतं.

पंपावरून शेडपर्यंत आलं की पुढची जबाबदारी आपली. आमचं बॅरल स्टँडवर, तोटीच्या उलट बाजूला थोडं उतरतं ठेवलेलं आहे, म्हणजे पाणी आणि गाळ मागे बसतो आणि तळाचं तोटीला येत नाही. ते तळाचं वेगळं काढायचं, ट्रॅक्टरला घालायचं नाही. नरसाळ्याला बारीक जाळी. बॅरल जस्ताच्या लेपाचं नको, जस्त डिझेलात उतरतं. पावसाळ्याआधी बॅरल रिकामं करून पुसून घ्यायचं, कारण महिनोनमहिने पडून राहिलेल्या डिझेलात पाणी असलं की जंतू वाढतात आणि फिल्टरला काळी बुळबुळीत साय चढते. संध्याकाळी ट्रॅक्टर लावताना टाकी भरूनच लावायची. अर्धी टाकी रात्री थंडीत घाम धरते, निफाडच्या डिसेंबरात तर हमखास. फिल्टरखालची वाटी फवारणीच्या दिवसांत रोज सकाळी सोडायची. या कामांना पैसे लागत नाहीत, फक्त कोणाचं तरी नाव त्यावर असावं लागतं. आमच्याकडे ते भाऊजींचं आहे.

आता एक गोष्ट जी पंपावर मोठ्या अक्षरात लिहिलेली असायला हवी आणि कुठेच दिसत नाही. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधून वीज वाहून नेणारे घटकही कमी होतात. त्यामुळे वाहताना त्यात स्थिर वीज जास्त साठते, लवकर उतरत नाही. म्हणून कॅन पिकअपमध्ये किंवा ट्रॉलीत ठेवून भरू नये. खाली जमिनीवर ठेवावा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं असावं, आणि भरायचा वेग कमी. कॅन धातूचा असला तर उत्तम. “डिझेल काय पेट्रोलसारखं भडकत नाही” हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण मानकाप्रमाणे डिझेलची वाफ ३५ अंशांनाही पेट घेण्याइतकी असू शकते आणि मे महिन्यात आपल्याकडची दुपार त्याच्या वर असते. सगळ्यात धोक्याचं म्हणजे आपल्या शेतात कॅन अदलाबदल होतात. सकाळी वीडरचं (तण काढायच्या यंत्राचं) पेट्रोल ज्यात आणलं त्यातच दुपारी डिझेल. आत पेट्रोलची वाफ उरलेली, त्यात वीज धरणारं डिझेल ओतायचं, ही आगीची पूर्ण तयारी आहे. आम्ही कॅनांना रंग दिलेत, लाल पेट्रोलला, निळा डिझेलला, आणि चुकीचा कॅन आणला तर न भरता परत पाठवायची सूट पंपावरच्या मुलालाही देऊन ठेवली आहे.

तुमचा पंपवाला ओळखीचा असेल तर त्याला मराठीत दोन ओळींचा फलक लावायला सांगा: कॅन खाली ठेवा, पेट्रोलच्या कॅनमध्ये डिझेल नको. आमच्या पंपमालकांनी ऐकलं आणि हवा भरतात तिथल्या भिंतीवर रंगवून घेतलं.